बोहणी अडवून बसलेल्या बाया

सव्वादहा वाजले होते आणि दुकानाची बोहणी झाली नव्हती. दिवाळीआधीचा शेवटचा आठवडी बाजार होता. वसमतमधल्या आमच्या कापड दुकानाच्या पायऱ्यांवर तीस-पस्तीस बाया बसल्या होत्या. सगळ्यांजवळ रिकाम्या पिशव्या होत्या. कुणी शेंगा फोडून खात होतं, कुणी मोबाइलवर घरच्यांशी बोलत होतं. पण पायरी चढून आत कुणी येत नव्हतं. शेजारच्या दोन्ही दुकानांसमोर तीच गत होती.

शेठ गल्ल्यामागून उठले, दारापर्यंत जाऊन आले आणि मला म्हणाले, "वैशाली, ह्या बाया काहून बसून राहिल्या?"

मला माहीत होतं. तरी मी म्हणाले, "विचारून येऊ का?"

"नको. मीच बघतो."

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. गाव डोंगरकडा गावाच्या बाजूला आहे. रोज एसटीनं वसमतला यायचं, सकाळी कॉलेज, दुपारनंतर दुकान. दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या सीझनला पूर्ण दिवस दुकान. घरी एकच गोष्ट ठरलेली आहे: दुकानाचं काम आहे तोवर कॉलेज. काम सुटलं तर रोज एवढ्या लांब पोरीला पाठवायला वडिलांकडे दुसरं कारण उरत नाही. म्हणून या कामाला मी फार जपते. आणि लिहायची मला सवय नाही, तेव्हा जसं घडलं तसंच सांगते.

बोहणी म्हणजे दिवसातली पहिली विक्री. बाहेरच्या माणसाला ती साधी गोष्ट वाटेल. दुकानात ती साधी नसते. आमचे शेठ तसे देवधर्मात फार अडकणारे नाहीत, पण बोहणीच्या बाबतीत त्यांचे नियम पक्के आहेत. बोहणी होईपर्यंत कुणाचा माल बदलून द्यायचा नाही. सुट्टे पैसे द्यायचे नाहीत. उधारीचा शब्द काढायचा नाही. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत जाऊ द्यायचं नाही, भले भाव पाडावा लागला तरी चालेल. पहिली नोट गल्ल्याला लावायची, मग कपाळाला, आणि संध्याकाळपर्यंत ती वेगळी ठेवायची. हे सगळं होईपर्यंत शेठ स्वतः चहासुद्धा घेत नाहीत. बोहणीला उशीर झाला की त्या दिवशी दुकानात कुणी कुणाशी मोठ्यानं बोलत नाही.

आता बाया का बसल्या होत्या ते सांगते.

आमचं दुकान एका कॉम्प्लेक्समध्ये आहे. खाली बारा दुकानं. मागच्या जिन्याखाली बायकांसाठी एक संडास-बाथरूम आहे. बांधताना बांधलं, तेव्हापासून कुलूप. कॉम्प्लेक्सचा कारभार आमचे शेठ बघतात, त्यामुळे चावी त्यांच्याकडे. आत रिकामी खोकी आणि मोडके पुतळे ठेवलेले होते, ज्यांना साड्या नेसवून काचेत उभं करतात ते. पुरुष मंडळी कॉम्प्लेक्सच्या मागे भिंतीकडे जायची. आम्ही बायका कुठंच जायचो नाही. सकाळी अर्धा कप चहा, त्यानंतर दुपारपर्यंत पाणी नाही, हा आमचा नियम. दुपारी शाहीन आपांच्या घरी जायचो. आपा दुकानात चौदा वर्षं आहेत आणि त्यांचं घर दहा मिनिटांवर आहे. त्यांना दोनदा लघवीचा त्रास झाला. डॉक्टर म्हणाले, पाणी भरपूर पीत जा. आपा ते आम्हाला हसत हसत सांगायच्या.

गिऱ्हाइकांचं याहून वाईट. गावाकडच्या बाया पहाटे उठून, एसटीनं नाहीतर टेम्पोनं येतात आणि पाच-सहा तास बाजारात असतात. त्याही घरून पाणी न पिताच निघतात. हे कुणी कुणाला शिकवत नाही. आईचं बघून मुलगी शिकते.

कौसाबाई आमच्या शेजारच्या गावच्या. त्या मुकादम आहेत. म्हणजे कापूस वेचायला, हळद काढायला बायांची जी टोळी जाते, ती त्या जमवतात. शेतमालकाशी मजुरी त्या ठरवतात आणि बायांना वेळेवर शेतात त्याच पोचवतात. वय पन्नाशीच्या पुढं. सणाच्या बाजारालाही त्यांची टोळी एकत्रच येते, एका टेम्पोत. दुकानाच्या भाषेत हे गाडीचं गिऱ्हाईक. एकीला साडी पसंत पडली की पाच जणी तीच मागतात.

दसऱ्याच्या बाजाराला कौसाबाई सुनेला घेऊन आल्या होत्या. सुनेला सातवा महिना होता. गादीवर बसल्या, साड्या उघडायला सुरुवात झाली. थोड्या वेळानं सून त्यांच्या कानात काहीतरी बोलली. कौसाबाईंनी शेठला विचारलं.

शेठ म्हणाले, "चावी सापडत नाही मावशी. स्टँडवर जा, तिथं आहे सोय."

स्टँड जवळ नाही. बाजाराच्या गर्दीतून ती पोरगी पायी गेली आणि पायी परत आली. आली तेव्हा चेहरा उतरलेला, पदरानं सारखी कपाळ पुसत होती. कौसाबाई शेठला एवढंच म्हणाल्या, "आज राहू द्या."

गिऱ्हाईक उठलं की उघडलेल्या साड्यांच्या घड्या घालणं हे माझं काम. अकरा साड्या उघडलेल्या होत्या. मी खाली बसले तशा कौसाबाईही बसल्या आणि घड्या घालू लागल्या. नको म्हटलं तरी ऐकेनात. घड्या घालता घालता हळूच विचारलं, "तुमी कुठं जाता गं?"

"आम्ही पाणीच पीत नाही," मी म्हणाले.

त्यांनी चार साड्यांच्या घड्या घातल्या आणि उठल्या.

पुढच्या आठवड्यात त्या मला आमच्या गावच्या फाट्यावर भेटल्या. मी एसटीची वाट बघत होते.

"वैशू, तू शिकलेली हायेस, दुकानात बी हायेस. तुला इचारते," त्या म्हणाल्या. "दिवाळीच्या बाजाराला एक दिवस कुणी काहीच घ्यायचं न्हाई, असं आमी ठरवून राहिलो. त्या बाथरूमसाठी. फरक पडंल का?"

मला खोटं बोलवेना. मी म्हणाले, "नाही पडणार मावशी." आणि जेवढं शिकले होते तेवढं सांगितलं. रविवारी न घेतलेली साडी माणूस सोमवारी घेतो. दिवाळी कुठं जात नाही, लेकरांना कपडे तर घ्यावेच लागतात. दुकानाची विक्री फक्त एक दिवस पुढं सरकते. उलट तुमचाच एक रोज बुडणार, टेम्पोचं भाडं दोनदा जाणार.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजी शेठला कशाचीच तकलीफ न्हाई म्हन."

मी सहज बोलून गेले, "बोहणीला उशीर झाला की होते. त्या दिवशी चहाबी घेत नाहीत."

त्या हसल्या नाहीत. "किती उशीर?" त्यांनी विचारलं.

"साडेनवाचे दहा झाले तरी."

तेवढ्यात एसटी आली. खिडकीतून पाहिलं तर त्या तिथंच उभ्या होत्या. माझ्या तेव्हाही लक्षात आलं नाही.

बाजाराच्या दिवशी नऊ वाजता शटर वर गेलं. पावणेदहापर्यंत पायऱ्या भरल्या आणि मग मात्र लक्षात आलं. कौसाबाईंनी सगळ्या मुकादम बायांना फोन केले होते. पाच-सहा गावांच्या टोळ्या आल्या होत्या आणि दुकानं वाटून घेऊन बसल्या होत्या. कुणी घोषणा देत नव्हतं, हातात फलक नव्हता. बोहणी करायची नाही, एवढंच ठरलेलं.

एक माणूस टॉवेल घ्यायला म्हणून पायऱ्या चढू लागला. कडेची बाई म्हणाली, "दादा, दम घ्या जरा. मंडळी कुठंय तुमची?"

"हितंच कुठंतरी आली होती."

"ती बघा तिकडं, चौथ्या पायरीवर."

त्यानं तिकडं पाहिलं. त्याच्या बायकोनं मान हलवली. तो खाली उतरला आणि समोर पानटपरीवर जाऊन उभा राहिला.

शेठ बाहेर गेले तेव्हा मी दाराशी होते. त्यांचा सूर गोड होता. "मावशी, या की आत. गादी टाकलीय, नवीन माल उघडलाय."

"येतो की," कौसाबाई म्हणाल्या. "पोरीला जरा जायचं हाय. चावी घावली का?"

"कसली चावी?"

"मागल्या बारीला घावत नव्हती ती."

पायऱ्यांवर हशा पिकला. शेठचा चेहरा बदलला. "घ्यायचं नसंल तर पायऱ्या मोकळ्या करा. धंद्याचा टाइम आहे."

"घ्यायचं न्हाई कोण म्हनलं? समदं घ्यायचंय. ह्यांच्यापाशी याद्या हायेत. बोहणी तेवढी दुसऱ्या कुणाच्या हातनं होऊ द्या, मंग येतो आमी."

"मग जा दुसऱ्या दुकानात."

"तिथं बी आमच्याच बाया बसल्यात. पाहून या पाहिजे तर."

शेठ आत आले. शेजारच्या दोन दुकानदारांना फोन लावला. त्यांचीही बोहणी व्हायची होती. एक जण म्हणाला, पोलिसांना सांगू. शेठच म्हणाले, "काय सांगतो? बाया पायरीवर बसल्या म्हणून?" आणि फोन ठेवला.

मग ते शाहीन आपांकडे वळले. "आपा, एक रुमाल घ्या बरं. बोहणी होऊन जाऊ द्या."

आपा साड्यांच्या चळती सरळ करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मेरे हाथ की बोहणी आपकू लगती नई, शेठ. पिछले साल आपीच बोले थे."

ते खरं होतं. आपांच्या हातून बोहणी झालेल्या एका दिवशी दुकान थंड गेलं होतं आणि शेठ तसं बोलले होते.

शेठनं काउंटरवरचा रुमाल उचलला आणि माझ्या हातात दिला. स्वतःच्या खिशातली वीसची नोट काढून तीही माझ्या हातात दिली. "वैशाली, तू कर. हे पैसे गल्ल्यात दे. झालं."

मी रुमाल एका हातात आणि नोट दुसऱ्या हातात घेऊन उभी राहिले.

शेठ वाईट माणूस नाहीत हे मला इथं लिहिलं पाहिजे. परीक्षेच्या दिवसांत त्यांनी मला आठ दिवस सुट्टी दिली होती आणि वर विचारलं होतं, पेपर कसे गेले. दुकानात गिऱ्हाईक नसलं की काउंटरवर पुस्तक उघडायला त्यांनी कधी मना केलं नाही. बोहणीची गोष्ट बाहेर गेली होती ती माझ्याच तोंडून, हेही मला टोचत होतं. नाही म्हटलं तर काम जाऊ शकत होतं, आणि कामाबरोबर कॉलेजही. हो म्हटलं तर दोन पावलं चालून नोट द्यायची, बस.

मी बाहेर पाहिलं. कौसाबाई काचेतून माझ्याकडेच बघत होत्या. माझ्या हातातला रुमाल त्यांना दिसला. त्यांनी लगेच मान फिरवली आणि रस्त्याकडे तोंड करून बसल्या. शेजारची बाई आत डोकावू लागली तर तिलाही त्यांनी हाताला धरून वळवलं. मी नोट दिली असती तर ती त्यांना दिसायला नको होती. मला नंतर तोंड दाखवायला जड जाऊ नये म्हणून. मला त्या बाईचं मोठेपण सगळ्यात जास्त तिथं दिसलं. एवढ्या बाया गोळा करणं अवघड असेल, पण इतकं सगळं पणाला लावून समोरच्या पोरीला मोकळं सोडणं त्याहून अवघड असावं. मला तरी जमलं नसतं.

मी नोट काउंटरवर ठेवली. मग म्हणाले, "शेठ, मला पण जायचंय."

"कुठं?"

"बाथरूमला. सकाळपासून."

शेठ माझ्याकडे बघत राहिले. त्यांना राग आला की लाज वाटली ते मला आजही सांगता येणार नाही. मागून आपा शांतपणे म्हणाल्या, "मेरेकू भी."

शेठ खुर्चीत बसले. घड्याळाकडे पाहिलं. अकराला दहा कमी होते. मग गल्ल्याचा खालचा कप्पा ओढला आणि चावी बाहेर काढली. शोधावी लागली नाही. ती मला न देता स्वतःच उठले आणि मागच्या जिन्याकडे गेले.

पुढचा अर्धा तास कॉम्प्लेक्सच्या मागे नुसती धांदल होती. बायांनी खोकी बाहेर काढली. कापूस वेचणाऱ्या हातांना खोकी म्हणजे काय. मग एकेक पुतळा निघू लागला. कुणाला हात नाही, कुणाला मुंडकं नाही. एक म्हातारी पुतळ्याला कमरेत धरून बाहेर आणताना म्हणाली, "अगं बाई, ही कवापासून आत आडकली व्हती? हिला बी कुणी सांगितलं न्हाई का चावी घावत न्हाई म्हनून?" शेठसुद्धा हसले. मग आपण हसलो हे लक्षात येऊन ते पुढच्या दारानं दुकानात गेले.

नळाला पाणी नव्हतं. समोरच्या हॉटेलातून चार बादल्या आल्या. झाडू आमच्याच दुकानातला. पहिल्यांदा कौसाबाईंची सून गेली. मग रांग लागली. त्या रांगेत मी आणि आपाही होतो आणि आम्हाला कुणी पुढं सोडलं नाही. बरोबरच होतं.

त्यानंतर कौसाबाई दुकानात आल्या. चप्पल काढून गादीवर बसल्या आणि सुनेसाठी साडी दाखवायला सांगितलं. मी दाखवली. शेठनं भाव सांगितला.

"कमी करा," कौसाबाई म्हणाल्या.

"मावशी, आजच्या दिवशी तरी..."

"बोहणीचं गिऱ्हाईक हाय मी. माघारी पाठवता का?"

शेठनं भाव कमी केला. नोट गल्ल्याला लावली, कपाळाला लावली. मग चहा सांगितला. एकच कप, स्वतःपुरता.

त्यानंतर संध्याकाळपर्यंत मला मान वर करायला फुरसत मिळाली नाही. पायऱ्यांवरच्या सगळ्या बाया आत आल्या, याद्या निघाल्या, शहरातलं गिऱ्हाईकही नेहमीसारखं आलं. दिवेलागणीला शेठनं विक्री पाहिली आणि आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा. गेल्या दिवाळीइतकीच झाली. काय फरक पडला त्यांच्या बसण्यानं?"

विक्रीपुरतं ते खरं होतं. मी फाट्यावर सांगितलेलंही बरोबरच निघालं. कापडाचा एक तागा कमी विकला गेला नाही. पण मी हिशेब केला होता तो पूर्ण दिवसाचा, आणि कौसाबाईंनी दिवस घेतलाच नव्हता. त्यांनी फक्त पहिला तास घेतला. त्यामुळे कुणाची दुसरी खेप पडली नाही, कुणाचं टेम्पोचं भाडं वाया गेलं नाही, लेकरांचे कपडे राहिले नाहीत आणि आम्हा कामगारांनाही थंड दिवसाची बोलणी खावी लागली नाहीत. जाताना मी त्यांना म्हणाले, "मावशी, मी तर काही होणार नाही म्हणाले होते."

"तू बराबर म्हनलीस की," त्या पिशवीची गाठ मारत म्हणाल्या. "एक दिवस लई व्हतो."

सगळं नीट झालं असं मात्र नाही. बाथरूमसाठी लावलेल्या सफाईवाल्या बाईच्या पगाराला तीन दुकानं हिस्सा देत नाहीत. टाकीत पाणी कधी असतं, कधी नसतं. दिवाळीनंतर एकदा दोन दिवस परत कुलूप दिसलं. तिसऱ्या दिवशी सकाळी शटर वर जाताच आपा गल्ल्यासमोर हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. शेठनं चावी दिली. आता ती जिन्याजवळच्या खिळ्याला असते. पूर्ण दिवस दुकान असलं की मी अकरा वाजता पाणी पिते.

माझं काम गेलं नाही. एका दुपारी दुकान रिकामं असताना शेठनं विषय काढला.

"तुला तकलीफ होती तर आधी सांगायचं होतं मला."

"सांगितलं होतं, शेठ. आषाढात दोनदा. गणपतीत एकदा."

त्यांनी थोडा वेळ आठवून पाहिलं. "केव्हा सांगितलं? कोणत्या वेळेला?"

"दुपारी. हीच वेळ होती."

"दुपारी कुठं ध्यान असतं माणसाचं," ते म्हणाले आणि स्टॉकची वही उघडून बसले.

ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. दुपारपर्यंत दुकानाचं सगळं ठीक झालेलं असतं, मग आमचंही ठीकच असेल असं वाटत असावं. कॉलेजमध्ये मागणी-पुरवठ्याचं प्रकरण झालं तेव्हा सर म्हणाले, काही शंका असेल तर विचारा. मला विचारायचं होतं, पण धीर झाला नाही. म्हणून जेवढं कळलं तेवढं इथं लिहिते. दुकानदाराकडे काही मागायचं असेल तर ते सकाळी मागावं, पहिलं गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत.